रेकी, प्राणिक हीलिंग, थेरप्युटिक टच... हे नक्की काय असतं? (मावशीची केमो चालू आहे)

डोंबिवलीकरीण

नमस्कार मंडळी, इतके दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

माझ्या मावशीला ब्रेस्ट कॅन्सर निघाला, वय ५८. ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीही काढल्या, आता केमो सुरू आहे. डॉक्टर चांगले आहेत, रिपोर्टही बरे म्हणतायत, पण केमोनंतरचे चारपाच दिवस तिचे फार वाईट जातात, मळमळ, झोप नाही, आणि मुख्य म्हणजे घाबरलेली असते, रात्री उठून बसते. आता झालंय असं की सोसायटीतल्या एक काकू रेकी करतात, त्यांनी स्वतःहून विचारलं की मी येऊन हीलिंग देऊ का, पैसे नकोत. दुसरीकडे काकांच्या ऑफिसातल्या कुणीतरी प्राणिक हीलिंगवाल्यांचा नंबर दिला, तिथे पॅकेज आहे आणि ते पॅकेज ऐकून मला घाम फुटला. वर चुलत मामीने व्हॉट्सॅपवर एक व्हिडिओ पाठवला ज्यात एक बाई सांगते की कॅन्सर म्हणजे दाबलेला राग आणि हृदयचक्र ब्लॉक झालं की तो छातीत होतो. हे मावशीनेही ऐकलं आणि दिवसभर रडत होती की मी कुणावर एवढा राग धरला.

म्हणून मला मुळापासून समजून घ्यायचंय. हे एनर्जी हीलिंग नक्की काय असतं, या सगळ्यात फरक काय, कुठून आलं, कुणी तपासून बघितलंय का, आणि केमोबरोबर केलं तर काही अपाय आहे का. कृपया "सगळं थोतांड" किंवा "श्रद्धा ठेवा" एवढ्यावर थांबू नका, ते दोन्ही घरात ऐकून झालंय.

निवांत_नाशिक

ताई, मावशींना लवकर बरं वाटो. मी स्वतः रेकीची सेकंड डिग्री म्हणजे दुसरी पायरी केली आहे, बरीच वर्षं करते, त्यामुळे माझं मत एका बाजूला झुकलेलं असणार हे धरूनच वाचा.

आधी प्रत्यक्षात काय होतं ते. माणूस कपडे घालूनच पलंगावर झोपतो, खोली शांत, मोबाईल बंद. देणारी व्यक्ती डोळ्यांवर, कानांवर, गळ्यावर, छातीवर, पोटावर असे हात ठेवत जाते, एकेका जागी तीन ते पाच मिनिटं. दाबायचं नाही, चोळायचं नाही, नुसते ठेवायचे, आणि छातीसारख्या जागी तर वरच धरायचे. तासभर हे चालतं. बऱ्याच जणांना हात गरम लागतात, मुंग्या येतात, आणि निम्मे लोक घोरायला लागतात. बस्स, एवढंच. धूर, अंगारे, लिंबू काही नाही.

मागची कल्पना अशी की विश्वात एक जीवनशक्ती आहे, जपानीत तिला 'की' म्हणतात, चिनी लोक 'ची' म्हणतात, आपल्याकडे प्राण. ती अडली की माणूस आजारी पडतो आणि हीलर नुसती नळी होतो, शक्ती त्याची स्वतःची नसते.

कुठून आलं म्हणाल तर जपानमधून, मिकाओ उसुई नावाच्या गृहस्थांकडून. १८६५चा जन्म. १९२२ मध्ये क्योटोजवळच्या कुरामा डोंगरावर २१ दिवस उपास आणि ध्यान केलं तेव्हा त्यांना हे गवसलं असं मानतात, मग टोकियोत शिकवायला लागले, आणि १९२६ ला गेले, म्हणजे हातात जेमतेम चार वर्षं मिळाली. त्यांचे शिष्य चुजिरो हयाशी, नौदलातून निवृत्त झालेले अधिकारी, त्यांनी हात कुठे ठेवायचे याची पद्धत बसवली. आणि हयाशींच्या दवाखान्यात १९३५ साली हवाईहून एक बाई स्वतःच्या उपचारासाठी आल्या, हावायो ताकाता. त्यांनी हे अमेरिकेत नेलं. आज जगभर जे रेकी शिकवतात त्यातलं बहुतेक या ताकाताबाईंच्या परंपरेतलं आहे, १९८० मध्ये वारल्या तोपर्यंत त्यांनी २२ मास्टर, म्हणजे रेकी शिकवणारे, तयार केले होते.

आमच्या क्लासात पहिल्या दिवशी पाच तत्त्वं पाठ करून घेतात, फक्त आजचा दिवस मी रागावणार नाही, फक्त आजचा दिवस चिंता करणार नाही, अशी. मला विचाराल तर रेकीतलं सगळ्यात उपयोगी तेच.

थेरप्युटिक टचचं नाव फसवं आहे, त्यात अंगाला हात लावतच नाहीत. न्यूयॉर्क विद्यापीठात नर्सिंग शिकवणाऱ्या डोलोरेस क्रीगर आणि त्यांच्या सहकारी डोरा कुन्झ यांनी ते १९७२ च्या सुमाराला काढलं. अंगापासून थोडं वरून हात फिरवायचे आणि रोग्याभोवतीचं ऊर्जाक्षेत्र सारखं करायचं. अमेरिकेत पुष्कळ नर्सेस शिकल्या. प्राणिकबद्दल इथे माझ्यापेक्षा जाणकार आहेत, ते सांगतीलच.

तुमच्या सोसायटीतल्या काकू पैसे घेत नाहीत, औषध बंद करा म्हणत नाहीत, तर येऊ द्या की. आणि तो रागाचा व्हिडिओ पाठवणाऱ्या मामींना माझ्याकडून कोपरापासून दंडवत. चांगला रेकी मास्टर रोग्याला असलं कधी बोलणार नाही.

खवचट_खंड्या

निवांतताईंनी प्रामाणिक लिहिलंय म्हणून मीही जरा दमाने लिहितो, नाहीतर या विषयावर माझी ख्याती तुम्हाला माहीत आहेच.

ऊर्जा हा शब्द आधी सुटा करून घेऊ. दवाखान्यात ऊर्जा रोज वापरतात, रेडिओथेरपी ऊर्जाच आहे, एमआरआय, सोनोग्राफी, दुखऱ्या पाठीला लावतात ते टेन्सचं मशीन, सगळ्यात ऊर्जा आहे आणि ती मोजता येते, किती द्यायची तो डोस ठरतो. रेकीवाली ऊर्जा कुठल्याच उपकरणात सापडलेली नाही. तिला १९९० च्या दशकात अमेरिकेत 'बायोफील्ड' असं शास्त्रीय वाटणारं नाव मिळालं, नाव मिळालं म्हणून वस्तू सापडली असं होत नाही ना.

यावर लोक हमखास म्हणतात की हृदयाचं चुंबकीय क्षेत्र असतं, ते तर विज्ञानानेच सांगितलंय. असतं, खरंय, पण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रापेक्षा ते साधारण दहा लाख पटीने क्षीण असतं, ते मोजायला खास खोली आणि अतिथंड सेन्सर लागतात. ते दुसऱ्याच्या तळहाताला कळतं म्हणणं म्हणजे... जाऊ दे.

आता तपासलंय का. तपासलंय, आणि सगळ्यात झकास तपासलं ते एका नऊ वर्षांच्या मुलीने. एमिली रोझा, अमेरिकेत कोलोरॅडोची. चौथीतला शाळेचा प्रोजेक्ट. आई नर्स, तिला थेरप्युटिक टचचा राग, त्यामुळे घरात विषय होताच. पोरीने काय केलं, एक पुठ्ठ्याचा पडदा उभा केला, खाली दोन भोकं. हीलरने दोन्ही हात त्यातून पलीकडे काढायचे, तळवे वर. पलीकडे एमिली नाणं उडवणार आणि ठरेल त्याप्रमाणे डाव्या किंवा उजव्या हातावर आपला हात धरणार, थोडं अंतर ठेवून, न टेकवता. हीलरने फक्त सांगायचं, कुठल्या हातावर जाणवतंय. कॅन्सर बरा करायचा नाहीये, कुणाला झोपवायचं नाहीये, समोर माणसाचा हात आहे की नाही एवढंच ओळखायचं.

२१ हीलर, २८० वेळा. बरोबर आलं ४४ टक्के. डोळे मिटून अंदाजपंचे सांगितलं असतं तरी ५० टक्के आलं असतं!! १९९८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये छापून आलं, तेव्हा ती ११ वर्षांची होती. टीका झाली त्यावर, की आई त्याच विषयावर मोहीम चालवणारी, प्रयोग लहान, वगैरे, आणि त्यातली काही टीका योग्यही आहे. पण एक सांगा, इतकी वर्षं लोटली, पुठ्ठा आणि नाणं कुणालाही परवडतं, मग ८० टक्के बरोबर ओळखून दाखवून एमिलीचं तोंड बंद करणारा हीलर कुठे आहे?

आणि निवांतताई, त्या ताकाताबाई उसुईंना ख्रिस्ती प्राध्यापक करून सांगायच्या, क्योटोच्या दोशिशा विद्यापीठाचे म्हणून, ते नंतर खोटं निघालं. मास्टर करायचे त्या दहा हजार डॉलर घ्यायच्या हेही तुमच्या क्लासात सांगत नसतील :)

निवांत_नाशिक

खंड्याभाऊ, सांगतात. दहा हजार डॉलरचं सांगतात, आणि ख्रिस्ती प्राध्यापकाचंही, निदान आमच्या मास्तरीणबाईंनी सांगितलं होतं की युद्धानंतर अमेरिकेत जपानी म्हटलं की लोक तोंड फिरवायचे म्हणून बाईंनी गोष्ट गोड केली असावी. एमिलीच्या प्रयोगाला माझ्याकडे उत्तर नाही. पण माझ्या हाताखाली माणूस झोपतो, त्याचा श्वास संथ होतो हे मी रोज बघते, ते खोटं कसं म्हणू? तुम्ही कधी घेऊन बघितलंय का एकदा तरी?

खवचट_खंड्या

घेतलंय. मस्त झोप लागली. पण झोप लागली हा झोपेचा पुरावा आहे, ऊर्जेचा नाही.

मांडवीकाठचा

हा धागा वाचून राहवलं नाही. तुम्ही लोक जे भांडताय ना, तेच भांडण दोनशेहून जास्त वर्षांपूर्वी पॅरिसात झालेलं आणि त्याचा निकाल लावण्यात आमच्या गोंयच्या माणसाचा मोठा हात होता. जरा लांबण लागेल, सोसा.

व्हिएन्नाचा एक डॉक्टर, मेस्मर. त्याचं म्हणणं की विश्वात एक अदृश्य द्रव भरलेला आहे, प्राणिज चुंबकत्व म्हणा, शरीरात तो तुंबला की आजार, आणि मी हात फिरवून तो मोकळा करतो. ओळखीचं वाटतंय की नाही? पॅरिसात त्याने मोठं लाकडी पिंप मांडलेलं, त्यातून लोखंडी कांबी बाहेर, श्रीमंत बायका त्या कांबी धरून गोल बसायच्या आणि मग कुणाला झटके, कुणाला रडू, कुणी बेशुद्ध. आणि बरं वाटलं म्हणून सांगणारे शेकड्याने.

शेवटी १७८४ मध्ये फ्रान्सचा राजा सोळाव्या लुईने समिती नेमली. समितीत कोण, तर बेंजामिन फ्रँकलिन, तेव्हा अमेरिकेचा राजदूत म्हणून फ्रान्समध्येच होता, आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए. त्यांनी काय केलं, फ्रँकलिनच्या घराच्या बागेत मेस्मरच्या चेल्याला एक झाड 'भारायला' सांगितलं. मग १२ वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून आणलं आणि एकेका झाडाला मिठी मारायला लावली. पोरगा चौथ्या झाडापाशी बेशुद्ध पडला. भारलेलं झाड भलतंच, बरंच दूर! समितीने लिहिलं की परिणाम होतात हे खरं, पण ते कल्पनेने होतात, द्रव काही आढळला नाही. माणसाला ठाऊक नसताना भारलं तर काही होत नाही, आणि भारलंय असं नुसतं वाटलं तर सगळं होतं.

खंड्याभाऊंची एमिली म्हणजे याच समितीची खापरपणती.

पण समितीने फाईल मिटली आणि घरी गेली. कल्पनेने एवढं होतं तर ते कसं होतं हे विचारलं ते आबे फारियाने. बार्देशातल्या कांदोळीचा, जन्म १७५६, जुझे कुश्तोदिय द फारिया, पाद्री. १८१३ मध्ये पॅरिसात जाहीर व्याख्यानं सुरू केली. तो माणसाला खुर्चीत बसवायचा, डोळे मिटून मन एकाग्र करायला सांगायचा आणि मग जोरात म्हणायचा, झोप! बरेच जण झोपायचे. आणि मग सांगायचा की बाबांनो माझ्या हातातून काही द्रव बिव निघत नाही, जे होतंय ते झोपणाऱ्याच्याच मनातून होतंय, मी फक्त सुचवतो. म्हणजे ताकद हीलरच्या हातात नाही, घेणाऱ्यात आहे. आजचं संमोहनशास्त्र ज्या सूचनेवर उभं आहे ती हीच. लोकांनी हसून हसून बेजार केलं, १८१९ मध्ये गरिबीतच गेला.

पणजीत जुन्या सचिवालयाच्या बाजूला त्याचा पुतळा आहे, समोर कलंडलेली बाई आणि तिच्यावर हात पसरलेला पाद्री. पर्यटक त्याला भूत उतरवणारा समजून फोटो काढतात. आणि आमच्याकडे आख्यायिका सांगतात ती म्हणजे लहान फारिया लिस्बनला राणीपुढे प्रवचनाला उभा राहिला, पाय लटपटले, तेव्हा बाप खालून कोंकणीत पुटपुटला, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी". पोरगा धडाधड बोलला. एका वाक्याने माणूस असा बदलतो तर ते वाक्य म्हणजे काय चीज आहे, हा किडा म्हणे तिथेच डोक्यात शिरला. खरंखोटं मांडवी जाणे.

जुना_जोगी

प्राणिकबद्दल विचारलंय म्हणून लिहितो, माझ्या भावाने कोर्सेस केले आहेत आणि मी साथीला जाऊन बसलोय. मूळ फिलिपिन्सचं. चोआ कोक सुई म्हणून चिनी वंशाचे केमिकल इंजिनियर, त्यांनी १९८० च्या दशकात पद्धत बांधली, २००७ मध्ये गेले. यातही हात लावत नाहीत. आधी हाताने 'स्कॅन', मग 'स्वीपिंग' म्हणजे खराब ऊर्जा झाडून काढायची आणि ती बाजूला मिठाच्या पाण्याचं भांडं असतं त्यात झटकायची, मग ताजा प्राण भरायचा. पहिल्यांदा ते भांडं बघितलं तेव्हा मला आजीचं मीठमोहरी ओवाळून दृष्ट काढणंच आठवलं, फक्त आजी जीएसटी लावत नव्हती.

पण माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. हे सगळे सांगतात "आपल्या ऋषीमुनींचं ज्ञान" आणि भिंतीवर सात चक्रांचा इंद्रधनुषी तक्ता, खालून लाल, वर जांभळा. अरे कुठल्या ऋषीने सांगितलं? षट्चक्रनिरूपण नावाचा सोळाव्या शतकातला संस्कृत ग्रंथ आहे, याच विषयातला, त्यात मणिपूर म्हणजे नाभीपाशी सांगतात त्या चक्राचं कमळ पाण्याने भरलेल्या ढगाच्या रंगाचं आहे. तक्त्यात ते पिवळंधमक असतं. इंद्रधनुष्याची शिडी विसाव्या शतकात पाश्चात्त्यांनी लावली, थिऑसॉफी नावाच्या गूढवादी पंथवाल्यांपासून सुरुवात झाली. आणि वर त्या डोरा कुन्झ आल्यात ना, त्याही अमेरिकेतल्या थिऑसॉफिकल सोसायटीच्या अध्यक्षा होत्या पुढे, म्हणजे प्राण इथून तिकडे गेला, रंग लावून परत आला आणि आता आपण त्याचे हप्ते भरतोय.

आणि मुख्य म्हणजे कुंडलिनी आपल्याला काही नवीन नाही, ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय वाचलेला कोणीही सांगेल, पण तिथे योगी स्वतः आसन घालून स्वतः खपतो. दुसऱ्याने येऊन अर्ध्या तासात तुमचं चक्र उघडून द्यायचं आणि पावती फाडायची हा प्रकार तिथे कुठे आहे? आणि 'हृदयचक्र बंद म्हणून छातीत कॅन्सर' हे तर कुठल्याच पोथीत नाही. मावशींना सांगा की मामीचा व्हिडिओ शास्त्रातही बसत नाही आणि अध्यात्मातही.

सिस्टर_नाईटड्यूटी

उशिरा बघितला धागा, ड्यूटी होती. मी केमो डेकेअरला काम करते, हॉस्पिटलचं नाव सांगत नाही. ऊर्जा आहे की नाही त्यात मला पडायचं नाही, मावशींपुरतं बोलते.

आधी एक अभ्यास सांगते कारण तो नेमका तुमच्याच प्रश्नावर आहे. अमेरिकेत एका केमो सेंटरमध्ये १८९ पेशंटचे तीन गट केले, २०११ ला छापून आला. एका गटाला नेहमीचीच देखभाल, दुसऱ्याला खऱ्या रेकीवालीकडून रेकी, तिसऱ्याला खोटी रेकी, म्हणजे रेकी न शिकलेल्या बाईने नुसते तसेच हात ठेवायचे. निकाल काय, तर रेकीवाल्यांना बरं वाटलं, आराम वाटला. खोट्या रेकीवाल्यांनाही तितकंच बरं वाटलं. नुसत्या नेहमीच्या देखभालीत तसा फरक दिसला नाही. आता यावरून खंड्याभाऊ म्हणतील रेकी खोटी, निवांतताई म्हणतील बघा बरं वाटलं, आणि दोघांचं बरोबर आहे. मला यातून एवढंच दिसतं की केमो घेणाऱ्या माणसाजवळ कुणीतरी घाई न करता बसलं, हात ठेवला, की त्याला बरं वाटतं, आणि ते आम्ही करायला पाहिजे पण एकेका शिफ्टला इतके पेशंट असतात की सलाईन बदलता बदलता तोंडाकडे बघणंसुद्धा होत नाही. हे कुणाला दोष देऊन सांगत नाही, आहे ते आहे.

दुसरा एक आहे, आयबीएसवर, म्हणजे वारंवार पोट दुखण्या-बिघडण्याच्या आजारावर, २००८ चा. खोट्या सुया टोचल्या, म्हणजे आत न जाणाऱ्या. काहीच न केलेल्यांत २८ टक्क्यांना आराम, खोट्या सुयांनी ४४ टक्के, आणि त्याच खोट्या सुया पण डॉक्टर आपुलकीने, वेळ देऊन बोलला तर ६२ टक्के. म्हणजे वरच्या त्या आबे फारियांचं बरोबर होतं म्हणायचं.

पण हे सगळं "वाटण्या"पुरतं हं. दुखणं, भीती, झोप, थोडीफार मळमळ. गाठ याने कमी होत नाही. अमेरिकेतच २०१८ मध्ये एक मोठा अभ्यास आला, बरा होऊ शकणारा कॅन्सर असून ज्यांनी नेहमीचे उपचार सोडून फक्त पर्यायी उपचार घेतले त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण अडीच पट होतं, आणि ब्रेस्ट कॅन्सरमध्ये पाच पटीहून जास्त. ब्रेस्टमध्ये एवढा फरक का, तर तो उपचाराने चांगला बरा होणारा आहे, म्हणून सोडला की नुकसान मोठं.

आता कामाचं:

सोसायटीतल्या काकू आल्या तर चालेल, पण ऑपरेशन झालेल्या बाजूचा हात दाबायचा चोळायचा नाही, काखेतल्या गाठी काढल्यात म्हणजे तो हात सुजू शकतो. बीपी, सुई, इंजेक्शन सगळं दुसऱ्या हाताला. पोर्ट (केमो द्यायला कातडीखाली बसवतात ती छोटी डबी) बसवलं असेल तर त्यावर हात नको. काकूंना सर्दी खोकला असेल त्या दिवशी येऊ नये, आणि आल्या की आधी साबणाने हात धुवायचे. काढे, चूर्ण, 'डिटॉक्स' पाणी काहीही सोबत दिलं तर डॉक्टरला दाखवल्याशिवाय द्यायचं नाही, बऱ्याच वेळा हीलिंगपेक्षा त्याच्यासोबत येणाऱ्या पुड्याच त्रास देतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. काही हीलर सांगतात की सेशननंतर ताप आला, जुलाब झाले तर ते चांगलं, विष बाहेर पडतंय, त्याला ते 'हीलिंग क्रायसिस' म्हणतात. केमोच्या पेशंटला ताप म्हणजे इमर्जन्सी. पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या असतात, साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात सगळ्यात खाली, तेव्हाचं इन्फेक्शन काही तासांत जिवावर बेतू शकतं. १००.४ च्या वर ताप गेला की रात्रीचे दोन वाजलेले असोत, क्रोसिन देऊन वाट बघत बसायचं नाही, फोन करून सरळ हॉस्पिटल गाठायचं.

मळमळीबद्दल डॉक्टरशी परत बोला. उलटीच्या गोळ्या बदलता येतात, आधीपासून सुरू करता येतात, बायका आमच्यासमोर "चालतंय हो" म्हणतात आणि घरी जाऊन सोसतात. झोप नाही, घाबरतात हेही सांगा, त्यावरही उपचार आहेत, समुपदेशक असतात. थकव्यावर सगळ्यात चांगला पुरावा कशाचा आहे माहितीये का, चालण्याचा. घरातल्या घरात का होईना.

डोंबिवलीकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. सिस्टर, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून फ्रिजवर लावलाय. जोगीकाकांचं मणिपूरचं मावशीला वाचून दाखवलं, ती संस्कृतची शिक्षिका होती, तिने लगेच श्लोक शोधायला लावला आणि बऱ्याच दिवसांनी तावातावाने बोलली :) काकूंना हो म्हणतोय. पॅकेजवाल्यांना मी फोन केला होता, ते म्हणाले दूरूनही करता येतं, फोटो पाठवा, आणि "गाठ परत येणार नाही याची खात्री". असं लेखी मागितलं तर देतील का?

खवचट_खंड्या

मागाच. लेखी देणार नाहीत. १९५४ चा औषधं आणि जादुई उपायांच्या जाहिरातींचा केंद्राचा कायदा आहे, त्याच्या यादीत ५४ आजार आहेत, कॅन्सर त्यात आहे, मधुमेह आहे. मंत्र, ताईत, कवच, असल्या कुठल्याही उपायाने हे आजार बरे करतो अशी जाहिरात करणं गुन्हा आहे. म्हणून वेबसाईटवर 'वेलनेस', 'ऊर्जा संतुलन' लिहितात आणि खात्री फोनवर देतात. महाराष्ट्रात तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही आहे, दाभोलकरांच्या खुनानंतर आला तो, पण त्याच्या अनुसूचीत ठरावीक प्रकार दिलेत, साप-विंचू चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्र करणं वगैरे, तुमची केस त्यात बसेलच असं नाही. पहिला, जाहिरातींचा कायदा बसतो. व्हॉट्सॅपवर खात्रीचं लिहून आलं तर स्क्रीनशॉट ठेवा. आणि रेकी, प्राणिक यातलं काहीच आयुषमध्ये, म्हणजे सरकारमान्य पारंपरिक पद्धतींत, येत नाही, आयुर्वेद, योग-निसर्गोपचार, युनानी, सिद्ध, सोवा-रिग्पा आणि होमिओपॅथी एवढेच, त्यामुळे "सरकारमान्य सर्टिफिकेट" म्हणाले तर कुठल्या सरकारचं ते विचारा.

निवांत_नाशिक

फोटोवरून खात्री देणाऱ्यांपासून लांबच राहा ताई. डिस्टन्स हीलिंग आम्हालाही सेकंड डिग्रीत शिकवतात, चिन्हं काढून, मी करते कधीकधी, मनातल्या मनात प्रार्थना करावी तसं. त्याचे पैसे घेणं मला कधी पटलं नाही. काकूंना एक सांगा, पहिल्या दिवशी तासभर नको, वीस मिनिटं पुरे, मावशींना पालथं झोपायला लावू नका, खुर्चीत बसून पण होतं. आणि मावशींना नको वाटलं तर त्या दिवशी नुसता चहा.

मांडवीकाठचा

सिस्टर, तुमच्या प्रतिसादाला शंभर पैकी शंभर.

डोंबिवलीकरीण

सिस्टर अजून एक, घरी पाऱ्याचा जुना थर्मामीटर आहे, तो चालेल का? आणि काखेत लावायचा तर कुठल्या काखेत?

सिस्टर_नाईटड्यूटी

डिजिटल घ्या, दोनतीनशेला मिळतो, पाऱ्याचा फुटला तर नसता ताप. शक्यतो तोंडात जिभेखाली, पाणी किंवा चहा प्यायल्यावर पंधरा मिनिटं थांबून. तोंड आलं असेल आणि लावता येत नसेल तर ऑपरेशन न झालेल्या बाजूच्या काखेत, पण काखेतला आकडा जरा कमी येतो हे लक्षात ठेवा, तिथे ९९.५ दिसला तरी फोन करा. रोज सकाळ संध्याकाळ लिहून ठेवा. थंडी वाजून आली तर आकडा न बघताच निघा.